वाढवायचं आणि देऊन टाकायचं : खिडकीतली रोपं, घरातली पिल्लं

पूर्वखिडकी :

नवरात्र तोंडावर आलंय. पुण्यात हिवाळ्यासाठी टोमॅटो, मिरची, वांगी किंवा पिटुनिया-डायन्थसची रोपं घरी करायची असतील तर बी पेरायला हीच वेळ. पाऊस परतीला लागलाय. ऑक्टोबरचं ऊन मधे आहे, पण घरातल्या ट्रेला ते फारसं बाधत नाही, आणि थंडी पडायच्या आत रोप कुंडीत रुळलं की पुढचं ते आपलं आपण बघतं. रोपं कशी करावीत यावर इथे आधीही बोलणं झालंय. मला त्याच्या जोडीला आणखी एक विषय काढायचाय, कारण माझ्या घरी ही दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच खिडकीखाली चालतात.

मी मांजराची पिल्लं फॉस्टर करते. कुणाच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या माळ्यावर आईवेगळी सापडलेली पिल्लं घरी आणायची, बाटलीने पाजून वाढवायची, लसी द्यायच्या आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकायची. रोपांचंही तेच. गॅलरीत मोजक्याच कुंड्या मावतात, ट्रेमध्ये मात्र त्याच्या कितीतरी पट रोपं उभी राहतात. ती पहिल्यापासूनच दुसऱ्यांची असतात.

पिल्लू दिलं की दर वेळी कुणी ना कुणी विचारतं, "देववतं कसं गं तुला?" विचारणाऱ्याचा सूर प्रेमाचाच असतो, पण ज्याला देववतं त्याचा जीव कमी गुंतलेला असणार, असं त्यात कुठेतरी धरलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. त्याबद्दलच लिहायचंय.

डोळे न उघडलेलं पिल्लू हातात येतं तेव्हा जेमतेम १००-१५० ग्रॅम भरतं. त्याला दुधाच्या आधी ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर दूध पचत नाही, उलट जिवावर बेततं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायची आणि नको झालं तर पिल्लाला सरकून लांब जाता येईल एवढी जागा सोडायची. गाईचं दूध देऊ नका, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाहीत. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर व्हेटकडे किंवा पेट शॉपमध्ये मिळते. पाजताना पालथंच ठेवायचं, आईला लुचताना असतं तसं. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. पहिले दोनेक आठवडे दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसायचं, कारण एवढ्या लहानपणी आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. आणि रोज ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढ दिसली की गाडी रुळावर आहे. काट्यावर ठेवलेल्या वाडग्यात ते मिटल्या डोळ्यांनी मान डोलवत असतं, पुढच्या पंजांची उघडझाप करत काठावर तोंड घासत असतं. आकडा काही केल्या ठरत नाही. तेवढा वेळ आपण श्वास धरून उभे.

बियांचं काम त्यामानाने शांत. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवायची, त्यातला क्षार निघून जावा म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायची. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतपत ओल हवी. मग त्यात चाळलेलं गांडूळखत मिसळायचं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून खाली नाही. टोमॅटो साधारण ५ ते ८ दिवसांत वर येतो, वांगं आठवड्या-दहा दिवसांत, मिरची चांगली दोन आठवडेही वाट बघायला लावते. टोमॅटोचा कोंब वाकलेला येतो. आधी मान मातीबाहेर, मग मागून पानं खेचली जातात. कधी कधी बीचं टरफल पानांच्या टोकाला तसंच अडकून राहतं. नखाने काढावंसं वाटतं, पण त्यात पान तुटतं. टरफलावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. ते मऊ पडतं आणि पानं आपली आपण उघडतात.

या दोन्ही कामांत सुरुवातीचे दिवस सगळा भार आपल्यावर असतो आणि तिथून पुढे रोज हात थोडा थोडा मागे घ्यायचा असतो. कोंब दिसले की ट्रेवरचं झाकण त्याच दिवशी काढायचं. वरून शिंपडणं थांबवून पाणी खालच्या ताटात द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात. पंखा हळू लावून ठेवायचा. वाऱ्याने हललेलं देठ जाड होतं. शेवटचा आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर, आधी सावलीत, मग कोवळ्या उन्हात. पिल्लांना चौथ्या आठवड्यापासून बाटलीऐवजी ताटलीत मऊ खाणं. भावंडांची मारामारी जुंपली की आपण मधे पडायचं नाही, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे ती एकमेकांकडूनच शिकतात. म्हणूनच आठ आठवडे व्हायच्या आत पिल्लू द्यायचं नसतं. घरी पाहुणे आले की त्यांच्या मांडीवर द्यायचं, दुसऱ्या माणसांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून.

म्हणजे देण्याचा दिवस उजाडतो तोवर बरंचसं देऊन झालेलं असतं. लोकांना फक्त शेवटचा दिवस दिसतो, म्हणून त्यांना ते तोडल्यासारखं वाटतं.

पावसाच्या तोंडावर आलेलं एक करडं पिल्लू नुकतंच सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात दिलं. सोडल्या सोडल्या ते सोफ्याखाली गेलं. बऱ्याच वेळाने बाहेर आलं, सगळ्या खोल्या हुंगून आलं आणि त्या घरातल्या आजोबांच्या चपलेवर जाऊन बसलं. मी तिथेच चहा पीत होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत चपलेचा पट्टा चावायला घेतला. घरी येताना मी रडले. आणि इतकं भरून पावल्यासारखंही फार क्वचित वाटलंय. दोन्ही एकाच वेळी होतं, त्यातलं एकही खोटं नव्हतं.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? रोपं, कुत्री, मांजरं, पक्षी, काहीही. रोपांचे प्रश्नही इथेच विचारा.

कर्वेनगरकर :

सुंदर लिहिलंय. मी आधी रोपांचाच प्रश्न विचारतो. उगवण छान होते, पण आठवड्याभरात रोपं लांबलचक, लुकडी होतात आणि मग काही बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. खिडकी उत्तरेची आहे. बी बदलून पाहिलं, फरक नाही.

मातीमित्र :

कर्वेनगरकर, हे दोन वेगळे त्रास आहेत. कृषीचं शिक्षण झालंय आणि काही काळ रोपवाटिकेत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लांबट होणं हे उजेड कमी पडल्याचं लक्षण. उत्तरेच्या खिडकीत आपल्या डोळ्यांना भरपूर उजेड वाटतो, रोपाला तो पुरत नाही. साधी पांढरी २० वॅटची एलईडी पट्टी घ्या, रोपांच्या शेंड्यांपासून १०-१५ सेंटिमीटरवर टांगा आणि रोपं वाढतील तशी वर सरकवा. दिवसाला १४-१६ तास चालू, रात्री बंद. महागडा जांभळा दिवा लागत नाही. उगवण झाली त्याच दिवसापासून दिवा हवा, कारण एकदा लांबलेलं देठ आखूड होत नाही. टोमॅटो असेल तर तो लांबलेला असला तरी वाचतो: पुनर्लागणीच्या वेळी वरच्या पानांपर्यंत देठ मातीत गाडा, त्या देठाला नवीन मुळं फुटतात. मिरची-वांग्याला या युक्तीचा तसा फायदा होत नाही.

बुडाशी बारीक होऊन पडणं म्हणजे मर, आमच्याकडे रोप कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे बुरशींचं काम. त्यांना लागतं काय, तर चिकचिक ओल, कोंडलेली हवा आणि दाटीवाटीने पेरलेलं बी. एकदा पडलेलं रोप परत उभं राहत नाही, शेजारच्यांना वाचवायचं. जुनी कुंडीची माती रोपांसाठी वापरू नका. ट्रे मागच्या हंगामातला असेल तर साबणाने घासून कडक उन्हात वाळवा. पेरणीआधी मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळला तर मदत होते, पण तो स्वतः बुरशीच असल्यामुळे त्याच्याबरोबर बुरशीनाशक घालू नये. आणि धागाकर्त्या म्हणाल्या तो पंखा, त्याला खरंच तोड नाही.

तापमानाचंही लक्षात घ्या. मिरचीला उगवायला २५-३० अंश लागतात. आत्ता ते घरात आपोआप मिळतं. डिसेंबरात पुण्यातली रात्र १०-१२ अंशांवर येते, तेव्हा पेरलेली मिरची रुसून बसते. लेट्यूसचं नेमकं उलट, ३० अंशांच्या वर त्याचं बी झोपी जातं, शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो. तेव्हा ते थंडी पडल्यावर पेरा आणि वर माती टाकू नका. पिटुनियाचं बी तर धुळीएवढं असतं, तेही झाकायचं नाही, नुसतं ओल्या मिश्रणावर टेकवायचं.

कर्वेनगरकर :

मनापासून आभार. आजच पट्टी आणतो.

जाईजुई :

धागा आवडला, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडते.

माझ्याकडे तीन मांजरं आहेत, तिन्ही आधी फॉस्टर म्हणूनच आली होती. दोघींना लोकांनी बघून नाकारलं, तिसरीला मागणी आली होती पण तोवर ती माझ्या लेकीच्या उशाशी झोपायला लागली होती. ठेवून घेतल्याचा मला एक क्षणही पश्चात्ताप झाला नाही. सोडून देण्यात समाधान आहे असं आजकाल सगळीकडे ऐकू येतं. कपाटं रिकामी करा, नाती हलकी करा, आठवणी सोडा. मला त्याची भीती वाटते. मुकं जनावर आपल्यावर विसंबलेलं असतं. ज्या घरात त्याने डोळे उघडले ते घर आपण "प्रक्रिया" म्हणून बदलतो, आणि त्याचं समाधान आपल्याला मिळतं, हे त्याला विचारून झालेलं नसतं. टोमॅटोच्या रोपाशी याची बरोबरी होऊ नये असं मला फार वाटतं. रोप दिलं तर दिलं. जीव लावणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत धरून ठेवणं हीसुद्धा निष्ठा आहे.

पूर्वखिडकी :

जाईजुई, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. तुमच्या तिघी योग्य घरातच आहेत, त्यात शंकाच नाही. नाकारलेल्या मांजरांना कायमचं घर देणं याहून मोठं काय असणार.

बरोबरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. रोपाला मी आठवत नाही, पिल्लाला काही दिवस तरी आठवत असणार. म्हणूनच पिल्लाच्या बाबतीत घर निवडताना मी रोपाच्या शंभरपट चौकशी करते, नंतर फोन करते आणि जमलं नाही तर कधीही परत आणा असं सांगूनच देते. तीनदा परत आलेलं एक मांजर चौथ्या घरी सुखाने नांदतंय.

पण एक सांगते. आमचं घर ५५० चौरस फुटांचं. इथे मी जे पिल्लू ठेवून घेईन त्याची जागा पुढच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये ओरडणाऱ्या पिल्लाला मिळणार नाही. माझा जीव प्रत्येकात गुंततो. तरी माझ्या घराचं काम रिकामं होत राहण्याचं आहे, तुमच्या घराचं काम भरलेलं राहण्याचं. शहराला दोन्ही घरं लागतात. आणि सगळं सोडा, हलकं व्हा, या सल्ल्याशी माझंही जमत नाही. जे नीट वाढवलेलं नाही ते सोडून दिलं तर त्याला टाकणं म्हणतात.

जाईजुई :

शेवटचं वाक्य पटलं. परत आलेल्याला दार उघडं असतं हे माहीत नव्हतं, तिथेच माझा अर्धा आक्षेप गेला.

टेकडीवाला :

मी इथे फारसा लिहीत नाही. धागा दोनदा वाचला.

आमचा कुत्रा गेल्या मार्गशीर्षात गेला. रस्त्यावरचाच, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. तरुण होता तेव्हा रोज पहाटे आम्ही वेताळ टेकडीवर जायचो, खाणीपर्यंत आणि परत. पूर्वखिडकी यांनी हात थोडा थोडा मागे घेण्याबद्दल लिहिलंय. म्हातारपणी तेच उलट्या बाजूने होतं, हे मला त्याच्याबरोबर कळलं. आधी खाण सुटली. मग टेकडीचा चढ सुटला, आम्ही खालूनच परत फिरायला लागलो. मग जिना. त्याचं वजन २२ किलो होतं, त्याला उचलून खाली न्यायचो, सोसायटीच्या कडुनिंबाखाली उभा करायचो. तो तिथे उभा राहून टेकडीच्या दिशेने नाक वर करून वास घ्यायचा आणि शेपटी हलवायचा. जे सुटलं त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. जे आहे त्यात तो पूर्ण होता. मी मात्र रोज हिशेब करायचो, काल किती चालला, आज किती.

मूत्रपिंडं निकामी होत गेली तेव्हा व्हेटने सलाइन शिकवलं, मानेच्या कातडीखाली घरीच द्यायचो. शेवटी त्याने खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही ठरवा. त्या ठरवण्याबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून लिहितो. तीन गोष्टी पाहिल्या: तो आपणहून खातो का, उठून स्वच्छ जागी जाऊ शकतो का, आणि घरचं माणूस आलं की शेपटी हलते का. तिन्ही थांबल्यावर आम्ही डॉक्टरांना घरीच बोलावलं. त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो झोपला, मग दुसरं. सगळं शांतपणे झालं. कुणी या टप्प्यावर असाल तर घरी बोलावता येतं का हे आधीच विचारून ठेवा, त्या दिवशी फोन शोधत बसावं लागत नाही.

समाधान म्हणाल तर तेव्हा नव्हतं. बरेच महिने नव्हतं. पहाटे साडेपाचला जाग मात्र यायचीच आणि हाताला काम नसायचं. जूनमध्ये शेजाऱ्यांनी मिरचीचं बी दिलं, लवंगी. ट्रे केला. आता साडेपाचला उठतो, दिवा लावतो, ट्रे उचलून वजनाचा अंदाज घेतो; हलका लागला तर पाणी. उजाडलं की एकटाच टेकडीवर जातो, हल्ली परत खाणीपर्यंत. त्याची गादी आणि न फोडलेल्या सलाइनच्या बाटल्या भटक्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्यांना दिल्या. पट्टा ठेवलाय. तो द्यायचा नाही असं ठरवलंय आणि त्याचं मला काही वावगं वाटत नाही.

जाईजुई :

टेकडीवाला, काय लिहू. तो पट्टा असू द्या.

पूर्वखिडकी :

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल फार आभार. त्या तीन गोष्टी मी लिहून ठेवल्यात. पट्टा ठेवण्यात वावगं काहीच नाही.

आजोळ :

मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, नात टाइप करून देते आहे. तुम्ही सगळे घरात रोपं करण्याचं बोलताय आणि घटाचं कुणीच काढलं नाही?

आमच्या जुन्नरकडच्या घरी घटस्थापनेला शेतातली काळी माती चाळून आणायची. परडीत पत्रावळ, त्यावर माती, मधे कच्चा मातीचा घट पाण्याने भरून, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. भोवतीच्या मातीत गहू, जव, ज्वारी, मूग असं धान्य पेरायचं. सात धान्यं कुणाकडे, नऊ कुणाकडे. रोज एक माळ. नऊ दिवसांत वीतभर पिवळंधमक धान उभं राहतं. सासरे धान कसं आलंय ते वाकून बघायचे आणि घरातलं बियाणं कसं निघेल त्याचा अंदाज बांधायचे. दसऱ्याला घट उठवला की ते धान उपटायचं. आधी देवाला, मग गड्यांच्या टोपीत, पोरींच्या वेणीत तुरे खोवायचे, आलेल्या-गेलेल्याला द्यायचे, उरलेलं वाहत्या पाण्याला. लहानपणी मला फार वाईट वाटायचं. एवढं जपलेलं उपटायचं कशाला, असं मी आजीला विचारायची. ती म्हणायची, ठेवलं तर पिवळं पडून वाळणारच आहे बाई, आज दिलंस तर कुणाच्या तरी डोक्यावर बसेल.

पुण्यात फ्लॅटमध्ये आल्यावरही मी घट कधी चुकवला नाही.

मातीमित्र :

आजी, नमस्कार. तुमच्या पोस्टवर शास्त्राच्या बाजूने दोन शब्द. तो घट कच्चा, म्हणजे झिलई नसलेला, म्हणून पाणी त्याच्या अंगातून हळूहळू पाझरतं आणि भोवतीची माती नेमकी ओली राहते, चिखल होत नाही. आम्ही ट्रेखाली ताट ठेवून जे साधतो ते घट आतून साधतो. आणि धान पिवळं का, तर देवघरातल्या मंद उजेडात पानांत हिरवं द्रव्य फारसं तयार होत नाही, कोंब उजेड शोधत उंच होत जातो. कर्वेनगरकरांची रोपं लांबतात त्याचं कारणही तेच. नऊ दिवस तो दाण्यातल्या शिदोरीवर वाढतो. ती संपली की वाळतोच. तुमच्या आजीबाईंचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं.

रानजाई :

मला विरळणी करवत नाही. एका खणात दोन-तीन उगवली की कुठलं काढू? सगळीच ठेवते आणि मग सगळीच मरतुकडी राहतात. कुणी उपाय सांगा.

मातीमित्र :

दोन खरी पानं येऊ द्या. उगवताना येणारी पहिली दोन पानं म्हणजे बीजदलं, त्यांच्या वरती जी येतात ती खरी पानं. मग सगळ्यात दणकट ठेवून बाकीची बारीक कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. कापणं जिवावर येत असेल तर ट्रे नीट भिजवून सगळा गड्डा बाहेर काढा आणि काडीने रोपं सुटी करा, टोमॅटो सहज सुटतो. धरायचं ते पानाला, देठाला कधीच नाही. पान तुटलं तर दुसरं येतं. मुळा, मेथी, कोथिंबीर यांची विरळणी करत असाल तर ती कोशिंबिरीत टाका, टोमॅटो-वांग्याची मात्र खायची नाही.

दुसरामजला :

आमच्याकडे बोका आहे आणि रोपंही करायची आहेत. तो कुंड्या उकरतो, पानं खातो. कुठल्या गोष्टी टाळाव्यात?

पूर्वखिडकी :

महत्त्वाचा प्रश्न. सगळ्यात आधी लिली. गुच्छातली लिली घरात आणूच नका, नुसते परागकण अंगावर पडले आणि चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. टोमॅटो-वांग्याची पानं खाल्ली तर लाळ, उलट्या. मनी प्लांटने तोंड जळजळतं. डायन्थसने पोट बिघडू शकतं, पिटुनिया निर्धोक. खतांत एरंडी पेंड अजिबात नको. तिच्या वासाने कुत्री खातात आणि ती जीवघेणी आहे. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या गोळ्याही नकोत. फरशी पुसायचं फिनाइलही मांजरांना वाईट, त्यांच्या यकृताला ते झेपत नाही. आणि कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

उकरण्यावर उपाय म्हणजे मातीवर नदीतले मोठे गोटे किंवा जाळीचा तुकडा. पानं खाण्यावर उपाय, त्याला त्याचं स्वतःचं गवत द्या. मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट भांड्यात दाट पेरायचे, आठ-दहा दिवसांत बोटभर गव्हांकुर येतात. तुमच्या ट्रेपासून लांब ठेवा, तो तिकडेच जाईल.

आजोळ :

नात म्हणते मीही गव्हांकुर मांजरासाठी पेरावेत. घटाबरोबरच पेरते.

मातीमित्र :

एक सुचवू का? जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे पिटुनिया-पॅन्सी पाहून दर वर्षी लोक म्हणतात आपणही करायला हवं होतं. ते आत्ता पेरायचं असतं. माझ्याकडे दोन्हींचं बी जास्तीचं आहे. कागदाच्या पुड्या करून देतो.

पूर्वखिडकी :

मग असं करूया. या पंधरवड्यात पेरलेला टोमॅटो दिवाळीनंतर लावण्याजोगा होतो, मिरची-वांग्याला आणखी थोडे दिवस. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता कमला नेहरू पार्कच्या फाटकापाशी भेटू. ज्याच्याकडे जे जास्त असेल ते आणायचं, पैसे नाहीत. रोपं आणण्याआधी आठवडाभर बाहेर काढून कणखर करा, नाहीतर दुपारपर्यंत माना टाकतात. बी आत्ताच हवं असेल तर मातीमित्रांना संपर्क करा.

टेकडीवाला :

लवंगीची रोपं मी आणतो. यंदाच्या झाडाचं बी धरलंय.

रानजाई :

मी वांगी. या वेळी विरळून.

दुसरामजला :

मी रोपं न्यायला येईन. शिवाय बोका दिवसभर एकटा असतो, त्याला सोबत हवी असं घरात बऱ्याच दिवसांपासून चाललंय. पिल्लू आहे का सध्या?

पूर्वखिडकी :

दोन आहेत, एक काळी आणि एक पांढऱ्या पायांची. सख्ख्या बहिणी. पहिली लस झालीय, दुसरी तीन आठवड्यांनी. बोक्याची नसबंदी आणि लसी झाल्यात का ते कळवा. आधी वेगळ्या खोलीत ठेवून दाराखालून एकमेकांचा वास घेऊ द्यावा लागेल, निदान आठवडाभर, घाई करून चालत नाही. आणि दुसरा मजला म्हणताय, तर सगळ्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी हवी. जाळी बसली की फोटो पाठवा, मग घर बघायला येते.